खारवलेला साकुरा, वाळवलेली शेवंती : जपानी स्वयंपाकातील टिकवलेल्या फुलांची पार्श्वभूमी

दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून जपानमधील मिठाईच्या दुकानांत, बेकऱ्यांत आणि रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या किराणा दुकानांत गुलाबी पदार्थांची मांडणी सुरू होते. मोची (चिकट तांदळाची मऊ मिठाई), पाव, बिस्किटे, जेली, आइस्क्रीम यांपैकी कित्येकांवर मधोमध एक साकुराचे, म्हणजे जपानी चेरीचे, फूल बसवलेले असते. हे फूल खरे असते आणि खाण्याजोगेही असते. मात्र ते त्या वसंतातले नसते. तोक्योतील साकुरा बहरायला त्या वेळी अजून महिनाभराहून अधिक अवकाश असतो, आणि खाण्यासाठी वापरला जाणारा भरगच्च पाकळ्यांचा साकुरा तर त्यानंतरही दोन-तीन आठवड्यांनी उमलतो. दुकानातल्या काचेआडचे फूल मागच्या एप्रिलमध्ये तोडलेले, मिठात मुरवलेले आणि वर्षभर डब्यात झोपलेले असते. जपानी स्वयंपाकातील फुलांविषयी जे लिहिले जाते त्यात ऋतूभान, सौंदर्यदृष्टी, क्षणभंगुरता हे शब्द पुष्कळ येतात, पण मिठाचा उल्लेख क्वचितच येतो. या टिपणात भर आहे तो मिठावर, आंबटपणावर आणि वाळवणावर, कारण ताटातले फूल प्रत्यक्षात त्यांच्याच जोरावर टिकते.

आरंभीच एका शब्दाचा गुंता सोडवणे भाग आहे, कारण त्यामुळे केवळ वाचकांचाच नव्हे तर हौशी स्वयंपाक्यांचाही घोटाळा होतो. ‘प्रिझर्व्हड फ्लॉवर’ म्हणजे टिकवलेले फूल, असा सरळ अर्थ लावून ‘खाण्याजोगी प्रिझर्व्हड फुले’ अशी एक जपानी पाकपरंपरा असल्याचे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. जपानमध्ये मात्र ‘पुरिझाबुदो फुरावा’ हा शब्द एका वेगळ्याच वस्तूसाठी रूढ झाला आहे, आणि ती वस्तू खायची नसते. १९९१ मध्ये फ्रान्समधील एका कंपनीने ताज्या फुलाचा टवटवीतपणा वर्षानुवर्षे राखण्याची पद्धत जाहीर केली. पूर्ण उमललेले फूल आधी अल्कोहोलयुक्त द्रावात बुडवून त्यातले पाणी आणि मूळचा रंग काढून घेतला जातो. मग ग्लिसरीनच्या जातीचा द्रव आणि कृत्रिम रंग त्याच्या पेशींत भरला जातो, आणि शेवटी ते वाळवले जाते. हाताला ते ताज्या फुलासारखेच मऊ लागते. जपानमध्ये या फुलांना मोठी बाजारपेठ मिळाली. मातृदिनाच्या भेटी, लग्नातील पुष्पगुच्छ, रुग्णालयात नेण्याची फुले, इतकेच काय, घरातील बौद्ध देव्हाऱ्यासमोर ठेवण्याची फुलेसुद्धा या पद्धतीने बनू लागली, कारण त्यांना पाणी घालावे लागत नाही आणि ती कुजत नाहीत.

याउलट जी फुले जपानी माणूस खातो, त्यांना तो या नावाने कधीच ओळखत नाही. मिठात मुरवलेले ते ‘शिओझुके’, साखरेत मुरवलेले ते ‘सातोझुके’, वाळवलेले ते ‘होशी’. यातील ‘झुके’ हे मूळ ‘त्सुकेरु’ या क्रियापदाचे रूप असून त्याचा अर्थ बुडवणे, भिजत ठेवणे, मुरवणे असा आहे. मुळ्याचे किंवा काकडीचे लोणचेही त्याच क्रियापदाच्या पोटात येते. म्हणजे भाषेच्या दृष्टीने खारवलेला साकुरा हा पुष्पसजावटीचा भाऊबंद नसून मुळ्याच्या लोणच्याचा भाऊबंद आहे, आणि स्वयंपाकघरातही त्याची जागा तीच आहे.

गुंता इथेच संपत नाही. त्याच इंग्रजी शब्दाचे दुसरे जपानी रूप खाद्यपदार्थांच्या प्रमाणीकरणात आधीपासून बसलेले आहे. जॅमसंबंधीच्या जपानी मानकात ‘पुरेझाबु’ प्रकारचा जॅम म्हणजे ज्यात फळाचा मूळ आकार शाबूत राखला आहे असा जॅम. एक स्वर आणि शेवटचे ‘दो’ एवढाच काय तो फरक: ‘पुरेझाबु’ खायचे, ‘पुरिझाबुदो’ खायचे नाही. बोलताना हा फरक सहज निसटतो, आणि भाषांतरात तर तो पुरताच बुजतो. त्यात भर म्हणजे मातृदिनाच्या सुमारास केक किंवा मिठाई आणि रसायनात टिकवलेला गुलाब एकाच पेटीत घालून विकण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. गुलाबाच्या बाजूला ‘हे खाऊ नये’ अशी चिठ्ठी असते. पण पेटीचे छायाचित्र जेव्हा परदेशी वाचकापर्यंत पोहोचते तेव्हा चिठ्ठी मागे राहते आणि फूल व केक एवढेच दिसतात.

अशा फुलांच्या बाजूने कधी कधी असा युक्तिवाद केला जातो की ग्लिसरीन हे जपानमध्ये मान्य खाद्यपूरक द्रव्य आहे, मग त्यात भिजवलेले फूल केकवर ठेवले तर बिघडले कुठे. हा युक्तिवाद अर्धाच आहे. ग्लिसरीन मान्य असले तरी त्यासोबत वापरलेली इतर द्रावके आणि रंग खाद्य प्रतीचे असतात असे नाही, मूळ फूल शोभेसाठी वाढवलेले असल्याने त्यावरील कीटकनाशकांचा हिशेब अन्नाच्या नियमांनी ठेवलेला नसतो, आणि दमट हवेत या फुलांतून रंग झिरपून खालच्या कापडाला लागतो हे ती विकणारेच सांगतात. जो रंग कापडाला लागतो तो क्रीमलाही लागेल. तेव्हा पुढे या टिपणात ‘टिकवलेली फुले’ असे जेथे म्हटले आहे तेथे मीठ, साखर, आंब किंवा ऊन यांनी टिकवलेलीच फुले अभिप्रेत आहेत.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. खाद्यफुलांत सर्वांत जुना दाखला शेवंतीचा आहे, आणि ती चीनमधून आलेली आहे. आठव्या शतकातील जपानी काव्यसंग्रहात शंभराहून अधिक वनस्पतींचे उल्लेख असताना शेवंती नाही. त्याच शतकातील चिनी भाषेतील कवितांत मात्र ती आहे. यावरून ती त्या काळी दरबारी, शिकलेल्या वर्गापुरती होती असे मानतात. नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीच्या पाकळ्या टाकलेले मद्य प्यायचे, आदल्या रात्री फुलांवर रेशमी कापूस पसरून दवाने भिजलेल्या त्या कापसाने सकाळी अंग पुसायचे, असे आयुष्य वाढवणारे विधी हेइआन काळातील (७९४-११८५) दरबारात होते. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या दरबारी नियमसंहितेत प्रांतांकडून येणाऱ्या औषधी द्रव्यांत पिवळ्या शेवंतीचे फूल आहे. फूल वाळवून राजधानीपर्यंत पाठवण्याची रीत म्हणजे हजार वर्षांहून जुनी. पण ते औषध होते, भाजी नव्हे. भाजी म्हणून शेवंती सामान्यांच्या पानात आली ती एदो काळात (१६०३-१८६८). १६९० मधल्या एका प्रसिद्ध हायकूत शेवंतीच्या पाकळ्यांच्या आंबट कोशिंबिरीवर फुलपाखरू येऊन बसते आणि सिरका चाखते. म्हणजे तोवर ती कोशिंबीर वाचकाला समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

साकुराची गोष्ट मात्र फुलापासून नव्हे, पानापासून सुरू होते. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सुमिदा नदीच्या काठी एका बौद्ध मंदिराचा दारवान राहत असे. बांधावरच्या साकुराच्या झाडांची पाने त्याला सतत झाडून काढावी लागत. ती पाने पिंपात मीठ घालून मुरवावीत आणि त्यात गोड मोची गुंडाळून फुले पाहायला येणाऱ्यांना विकावी, ही युक्ती त्याला सुचली. ही आख्यायिका १७१७ सालाला जोडली जाते. दुकान आजही त्याच जागी आहे. आख्यायिकेचे सोडून दिले तरी पुढचा आकडा लिखित आहे. १८२५ मध्ये एदोतील जिज्ञासू लेखकांच्या एका मंडळात वाचल्या गेलेल्या टिपणांनुसार, या दुकानाने आदल्या वर्षी एकतीस पिंपे पाने मुरवली. एका पिंपात पंचवीस हजार पाने, म्हणजे एकूण ७,७५,०००. एका मोचीला दोन पाने या हिशेबाने ३,८७,५०० मोची झाल्या. दोनशे वर्षांपूर्वी एका मिठाईच्या दुकानाचा हिशेब इतक्या बारकाईने कोणी लिहून ठेवला याचेच नवल वाटते. आज अशा पानांचा मोठा भाग इझु द्वीपकल्पातील मात्सुझाकी या गावी तयार होतो, आणि त्यासाठी ओशिमा जातीच्या साकुराची झाडे चहाच्या मळ्यासारखी बुटकी छाटून वाढवतात.

पान मुरवण्यामागे एक रासायनिक गंमत आहे, आणि ती समजल्याशिवाय ‘साकुराचा स्वाद’ म्हणून काय विकले जाते ते कळत नाही. झाडावरच्या ताज्या पानाला साकुराचा तो ओळखीचा गोडसर, वाळलेल्या गवतासारखा वास येत नाही. तो देणारे कूमारिन हे द्रव्य ताज्या पानात साखरेशी बांधलेल्या रूपात असते. मिठाने पेशी मरतात, आतली विकरे (एन्झाइम) मोकळी होतात, बंध तुटतो, आणि मगच कूमारिन तयार होऊन वास सुटतो. फुलातही हे घडते, पण पानाइतके नाही. लोक ज्याला वसंताचा वास म्हणतात तो अशा प्रकारे खरे तर पिंपाचा वास आहे. बहरलेल्या झाडाखाली उभे राहून तो कोणालाही येणार नाही. साकुराच्या स्वादाचे आजचे पेय किंवा चॉकलेट बहुधा याच पानाच्या वासाची नक्कल करते, आणि वरचे फूल त्या वासाला चेहरा देते.

फूल खारवण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे कानागावा प्रांतातील हादानो शहराचा चिमुरा हा डोंगराळ भाग. तेथे एदो काळाच्या अखेरीपासून हे काम चालत आले आहे, आणि देशात वापरल्या जाणाऱ्या जपानी खारवलेल्या फुलांचा सर्वांत मोठा वाटा आजही तेथूनच येतो. हादानो ही मुळात तंबाखूची भूमी. उत्तम प्रतीच्या पानासाठी तिची ख्याती होती, आणि तेथील तंबाखूची लागवड १९८४ मध्ये थांबली. घरांभोवती व शेताच्या बांधांवर लावलेला भरगच्च पाकळ्यांचा साकुरा हे शेतकऱ्याचे जोडउत्पन्न होते. झाडे मुख्यतः ‘कान्झान’ जातीची. शहरांतून सर्वत्र दिसणारा पाच पाकळ्यांचा फिकट साकुरा या कामाला चालत नाही. तो मिठात पडला की रंगही जातो आणि आकारही. कान्झानच्या एका फुलात वीस ते पन्नास गडद गुलाबी पाकळ्या असतात, देठ लांब असतो, आणि दोन-तीन फुले एकाच घोसात लोंबतात. हा देठच पुढे कपात फुलाला तोलून धरतो.

तोडणी एप्रिलच्या मध्यापासून जेमतेम दोन आठवडे चालते. शिडीवर चढून, बारा आणे उमललेली फुले देठासकट खुडायची. कळी फार मिटलेली असेल तर कपात उघडत नाही. त्याच दिवशी फुले धुऊन, निथळून, पिंपात एक थर फुलांचा व एक थर मिठाचा असे रचतात. मिठाचे प्रमाण फुलांच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक. वर झाकण आणि झाकणावर दगडी दडपण. आदल्या दिवशी हातभर उंच असलेला फुलांचा ढीग दुसऱ्या दिवशी पाणी सुटून वीतभरही उरत नाही. आता रंग तपकिरी-जांभळट, काहीसा कोमेजलेला दिसतो, आणि नवशिक्याला वाटते की सगळे नासले. मग आंबट-खारट ‘उमेझु’ ओततात, आणि डोळ्यांदेखत गुलाबी रंग परत येतो. कारण पाकळ्यांतील रंगद्रव्य आम्लात लाल आणि आम्ल कमी झाले की निळसर होते. काही दिवसांनी फुले पिळून, सावलीत वाळवून, पुन्हा कोरडे मीठ भुरभुरून डब्यात भरतात. अशी फुले वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ टिकतात.

उमेझु म्हणजे ‘उमे’ या फळाचे लोणचे घालताना सुटणारे पाणी. उमेला परदेशी पुस्तकांत प्लम म्हणतात, पण नात्याने ते जर्दाळूला जवळचे आहे. सिरक्यासारखी या पाण्यासाठी आंबवण्याची क्रिया करावी लागत नाही. फळातले सायट्रिक आम्ल मिठाने बाहेर खेचलेले असते, एवढेच. फळात लाल पेरिला या तुळशीच्या कुळातील वनस्पतीची पाने घातली तर पाणी लाल होते, न घातल्यास पांढरे राहते. फुलांसाठी पांढरे पाणी वापरणारे जाणकार लाल पाण्याला नाक मुरडतात, कारण लाल पाण्याने येणारा रंग फुलाचा नसून पेरिलाचा असतो. हादानोच्या शेजारचा ओदावारा भाग उमेच्या लोणच्यासाठी प्रसिद्ध आहे. एका लोणच्याच्या उरलेल्या पाण्यात दुसरे लोणचे घालायचे, अशी ही काटकसर आहे. आपल्याकडील गुलकंद साखरेच्या आणि उन्हाच्या बळावर पाकळी विरघळवतो. येथे मीठ आणि आंब यांच्या बळावर पाकळी जशीच्या तशी राखायची असते, त्यामुळे हात सैल सोडून चालत नाही.

चिमुराच्या फुलांचे पहिले गिऱ्हाईक मिठाईवाला नव्हता, तर लग्नघर होते. वाङ्‌निश्चयाच्या आणि लग्नाच्या प्रसंगी पाहुण्यांना हिरवा चहा देत नाहीत, कारण जपानीत ‘चहा गढूळ करणे’ हा वाक्प्रचार वेळ मारून नेण्यासाठी, टाळाटाळीसाठी वापरला जातो, आणि सोयरीक जुळवताना तो अपशकुनी वाटतो. चहाऐवजी ‘साकुरायु’ देतात: कपात मीठ झटकलेले एक-दोन फुलांचे घोस आणि वर गरम पाणी. पाणी पडताच आधी चुरगळलेला गुलाबी गोळा तळाशी बसतो, मग देठ हळूच सरळ होतो, बाहेरच्या पाकळ्या सुटतात आणि आतल्या त्यांच्यामागोमाग, आणि काही क्षणांत फूल पाण्यात उघडे होऊन तरंगू लागते. चवीला ते पेय खारट आणि किंचित आंबट, म्हणजे प्रामाणिकपणे सांगायचे तर फुलाच्या अपेक्षेने पिणाऱ्याची निराशा करणारे असते. पण तो घोट चवीसाठी नसतोच.

गोड पदार्थावर खारट फूल बसवण्याची आजची सर्वपरिचित रीत एका नेमक्या तारखेशी जोडली जाते: ४ एप्रिल १८७५. त्या दिवशी मेइजी सम्राट तोक्योतील मुकोजिमा येथील एका जुन्या सरदारवाड्यात साकुरा पाहायला गेले असता गिंझामधील एका बेकरीने त्यांच्यासाठी लाल घेवड्याचे गोड पुरण भरलेले पाव पाठवले. बेकरीवाल्याने आदल्याच वर्षी हा पाव बाजारात आणला होता. पाश्चात्त्य यीस्टऐवजी साके (तांदळाचे मद्य) बनवण्याच्या तांदळाच्या विरजणावर तो फुगवलेला होता, कारण नुसता पाव जपानी जिभेला रुचत नव्हता. सम्राटाला साजेसे काही वेगळे हवे म्हणून पावाच्या मधोमध बेंबीसारखा खळगा करून त्यात योशिनो डोंगरावरील भरगच्च साकुराचे खारवलेले फूल दाबून बसवले गेले. एप्रिलच्या आरंभी ही जात उमललेली नसते, तेव्हा ते फूलही आदल्या वर्षीचेच असले पाहिजे. सम्राटाला पाव आवडला, तो राजवाड्यात जाऊ लागला, आणि लोकांनी रांगा लावल्या. येथे फूल शोभेचे आहे की चवीचे, हा वाद निरर्थक आहे. पुरणात चिमूटभर मीठ घातले की गोडी उठून येते हे ज्याला ठाऊक आहे त्याला फुलाचे काम वेगळे सांगायला नको.

दक्षिणेकडे साकुरा मिठात मुरत असताना उत्तरेकडे शेवंती वाळत होती. आओमोरी प्रांतातील हाचिनोहे आणि नानबू या परिसरात ‘आबोक्यू’ नावाची पिवळी शेवंती पिकते. हे नाव चीनच्या पहिल्या सम्राटाच्या भव्य राजवाड्याचे आहे. ती तेथे कशी आली याच्या दोन कथा आहेत: क्योतोच्या एका उमराव घराण्याच्या बागेतून स्थानिक सरदाराने आणली, अथवा ओसाकाहून एका व्यापाऱ्याने आणली. ऑक्टोबरअखेर फुले खुडायची, पाकळ्या ओढून मोकळ्या करायच्या, चौकोनी साच्यात पसरून वाफवायच्या आणि वाळवायच्या. पातळ चौकोनी वड्या तयार होतात. समुद्रशेवाळाच्या नोरीच्या पानासारख्या दिसतात म्हणून त्यांना ‘किकुनोरी’ म्हणतात. बर्फाच्या महिन्यांत, जेव्हा शेतात हिरवे काही नसते, तेव्हा सिरक्याचे थेंब टाकलेल्या उकळत्या पाण्यात वडी सोडायची. पाकळ्या सुट्या होऊन पुन्हा पिवळ्याधमक होतात. मग त्या सिरक्यात, मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) कढणात किंवा अक्रोडाच्या वाटणात जातात. पोट भरण्यापुरते त्यात काही नसते, पण हिवाळ्यातल्या पानात रंग असणे यालाही त्या मुलखात किंमत आहे.

यामागाता प्रांतातील जांभळट शेवंतीचे बाजारी नाव ‘मोत्ते नो होका’ असे असून त्याचा शब्दशः अर्थ ‘हे तर अक्षम्य’ असा होतो. शेवंती ही राजघराण्याची मुद्रा, ती खाणे म्हणजे अक्षम्य, यावरून हे नाव पडले असे एक मत. अपेक्षेबाहेर चवदार निघाली म्हणून पडले असे दुसरे. शेजारच्या निइगाता प्रांतात नागाओकाच्या आसपास जवळपास हीच फुले ‘ओमोइ नो होका’ म्हणजे ‘अनपेक्षित’ या नावाने विकली जातात, त्यामुळे दुसऱ्या मताला बळ मिळते. सोळा पाकळ्यांची शेवंती राजघराण्यापुरती राखीव करणारा आदेश १८६९ चा आहे; शेवंतीची कोशिंबीर त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीपासून खाल्ली जात होती. अक्षम्यपणाची कथा ऐकायला छान आहे, पण ती मागाहून चिकटलेली असावी, असेच वाटते.

लहानसहान प्रकार आणखी आहेत. क्योतोच्या उत्तरेकडील मात्सुगासाकीत मोहरीवर्गातल्या पिवळ्या फुलांच्या कळ्या कोंड्यासह मीठ लावून मुरवतात. डोंगरी भागांत वासाबी या झणझणीत चवीच्या वनस्पतीचे फुलांचे दांडे कापून, मीठ वा साखर चोळून, त्यावर उकळीच्या खालचे गरम पाणी ओततात आणि लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत घालून हलवतात. पाणी उकळते असले तर तिखटपणा तयार करणारे विकर मरते आणि झाकण सैल असले तर तिखटपणा उडून जातो. नंतर सोया सॉसमध्ये मुरवतात. म्योगा या आल्याच्या भाऊबंदाचा जो भाग खातात तीही फुलाची कळीच आहे, पण ती खाताना फूल खातो आहोत असे कोणाच्या मनातही येत नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत या जुन्या घरात नवे पाहुणे आले. पॅन्सी, व्हायोला, डायान्थस अशी पाश्चात्त्य फुले ‘एदिबुरु फुरावा’ या नावाने हॉटेलांना पुरवली जाऊ लागली. आइची प्रांतातील तोयोहाशी परिसरात त्यांची लागवड वाढली, कारण तेथे साशिमीच्या (कच्च्या माशांच्या कापांच्या) ताटात ठेवायच्या छोट्या पिवळ्या शेवंतीचा आणि पेरिलाच्या पानांचा धंदा आधीपासून होता. दुसरीकडे, तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सु या डोंगरी गावात १९८१ च्या कडाक्याच्या थंडीत संत्र्याची झाडे गेली, आणि १९८६ पासून तेथील वयस्क शेतकऱ्यांनी ताटाच्या सजावटीची पाने-फुले विकायला सुरुवात केली. ही सजावट खाण्यासाठी नसते. परंतु ताटात खाण्याचे फूल आणि पाहण्याचे पान शेजारी-शेजारी येऊ लागले, आणि जेवणाऱ्याने कोणते काय हे ओळखावे अशी अपेक्षा नकळत रूढ झाली.

ही अपेक्षा २००८ च्या जूनमध्ये फसली. इबाराकी प्रांतातील आणि ओसाकातील उपाहारगृहांत पदार्थासोबत सजावटीला ठेवलेली हायड्रेंजिया या शोभेच्या झुडपाची पाने ग्राहकांनी खाल्ली आणि त्यांना उलट्या झाल्या. आरोग्य खात्याच्या पहिल्या सूचनेत याचे खापर सायनाइड सोडणाऱ्या द्रव्यांवर फोडले गेले. काही आठवड्यांतच, कारण निश्चित झालेले नाही असे म्हणून ती सूचना दुरुस्त करावी लागली. पुढे खाद्यफुले विकणाऱ्यांनी ‘अन्न म्हणून वाढवलेली’ हे शब्द ठळक छापायला सुरुवात केली यात आश्चर्य नाही. खारवलेल्या साकुराला मात्र असे काही सिद्ध करावे लागले नाही. दीड-दोनशे वर्षे लोणच्याच्या कपाटात राहिल्याचा तो फायदा.

लोणच्याच्या कपाटातही आता नियम बदलले आहेत. २०१२ मध्ये होक्काइदोत चायनीज कोबीच्या कच्च्या लोणच्यातून पसरलेल्या जंतुसंसर्गात आठ जण दगावले. त्यानंतर झालेल्या कायदाबदलाने १ जून २०२१ पासून लोणची बनवून विकण्यासाठी परवाना आवश्यक झाला, आणि आधीपासून विकणाऱ्यांना ३१ मे २०२४ पर्यंत मुदत मिळाली. घरच्या स्वयंपाकघरापासून वेगळी जागा, हात न लावता उघडणारे नळ अशा अटी होत्या. कोबीच्या कच्च्या लोणच्यात मीठ नावापुरते असते. उमेच्या जुन्या पद्धतीच्या लोणच्यात ते फळाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. दोघांना एकाच चाळणीतून काढणे कितपत न्याय्य होते, हा प्रश्न अनेक वृद्ध शेतकरी स्त्रियांनी विचारला, आणि त्यांतील बऱ्याच जणींनी उत्तराची वाट न पाहता विक्री थांबवली. फुलांना रंग देणारे पाणी याच पिंपांतून येते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

आज बाजारात मिळणारे खारवलेल्या साकुराचे पाकीट उलटे करून पाहिले तर घटकांची यादी दीड ओळीची असते: भरगच्च साकुरा, मीठ, उमेझु. स्वस्त पाकिटात कधी आम्ल आणि रंग वाढतात, आणि फुलांचे मूळ म्हणून चीनचे नाव दिसते. मिठाईच्या कारखान्यांची वाढती मागणी एकट्या चिमुराने भागण्यासारखी नाही. शिडीवर चढणारे हात वयस्क झाले आहेत. झाडे उंच वाढू नयेत म्हणून शेंडे छाटून ठेवतात, तरी वरच्या फांद्यांपर्यंत पोहोचणे कठीण होते. दोन आठवड्यांत उष्ण वारा सुटला की कळ्या एकदम उघडतात आणि तोडणारे मागे पडतात. पूर्ण उमललेली फुले मग झाडावरच सोडून देतात, कारण पिंपातून काढताना त्यांच्या पाकळ्या देठावरून गळून येतात.